बरोबरीच्यांचें जाळें

कोणत्याही संस्थेनें "आमच्या येथें सर्व समान आहेत" असें म्हटलें, कीं इतिहासाच्या अभ्यासकानें तिला दोन प्रश्न विचारावे. नव्या माणसाची पहिली ओळख करून देणारा कोण? आणि स्वतःचें काम झाल्यावरही दुसऱ्यासाठीं दार उघडें ठेवून बसणारा कोण? समतेच्या घोषणेंत संस्थेचा जेवढा स्वभाव प्रकट होतो, त्याहून कितीतरी अधिक या दोन प्रश्नांच्या उत्तरांत होतो. पंथ, पतपेढ्या, वाचनालयें या सर्वांस ही कसोटी लागू पडते. आणि गेल्या अर्धशतकांत संगणकांच्या जाळ्यांत समतेचे जे प्रयोग झाले, त्यांसही ती तितकीच लागू पडते असें आम्हांस वाटतें.

ज्यास इंग्रजींत 'पीअर-टू-पीअर' म्हणतात, त्यास मराठींत बरोबरीच्यांचें जाळें म्हणतां येईल. नेहमींच्या व्यवहारांत सर्व्हर नांवाचा एक मोठा संगणक देणारा असतो आणि घरोघरचे संगणक घेणारे असतात. बँकेचें खातें पाहणें, रेल्वेचें तिकीट काढणें, वर्तमानपत्र वाचणें, हीं सर्व कामें या देण्याघेण्याच्या भेदावरच चालतात. बरोबरीच्यांच्या जाळ्यांत हा भेद नसतो. तेथें आपण आपल्या यंत्रावर जो प्रोग्राम बसवितों, तोच मागणारा आणि तोच देणाराही असतो. म्हणून असा प्रोग्राम घरीं बसवून चालविणें ही केवळ एक सोय नव्हे. गिऱ्हाईक म्हणून बाजारांत जाणाऱ्या माणसानें आपल्या ओसरीवर लहानसें दुकान मांडण्यासारखें तें आहे. दुकान मांडणाऱ्यास ज्या अडचणी येतात, त्या सर्व त्यास येतात. आणि त्या अडचणींतच या विषयाचा इतिहास सांठविलेला आहे.

ही कल्पना नवी नाहीं. किंबहुना जाळ्याचा मूळ स्वभावच हा होता. ७ एप्रिल १९६९ रोजीं स्टीव्ह क्रॉकर या तरुणानें आर्पानेट या अमेरिकन जाळ्यासंबंधीं जें पहिलें टिपण काढलें, त्याचा विषय 'यजमान' संगणकांवरील प्रोग्राम हा होता. यजमान हा शब्द लक्षांत ठेवण्यासारखा आहे. त्याच वर्षीं २९ ऑक्टोबरला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांतून स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेकडे पहिला संदेश गेला. 'लॉगिन' शब्दाचीं पहिलीं दोन अक्षरें पोंचलीं आणि व्यवहार कोलमडला. वर्ष संपण्यापूर्वीं असे चार यजमान जोडले गेले. या चौघांत कायमचा दाता कोणी नव्हता आणि कायमचा याचकही कोणी नव्हता. आज जो पाहुणा, तो उद्यां यजमान.

दहा वर्षांनीं, म्हणजे १९७९ मध्यें, ड्यूक विद्यापीठांतील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांनीं, शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांतील स्टीव्ह बेलोव्हिन यांच्या साह्यानें यूझनेटचा पाया घातला. आरंभीं त्यांत यंत्रें अवघीं तीन होतीं. बेल प्रयोगशाळेंत निर्माण झालेली यूयूसीपी ही पद्धति त्यांनीं वापरली. तिच्यांत एक यंत्र दुसऱ्यास दूरध्वनि लावी, सांठलेला मजकूर देई व घेई, आणि फोन ठेवून देई. हा व्यवहार चालू करण्यासाठीं यंत्राच्या व्यवस्थापकास शेजारच्या यंत्राचें नांव, त्याचा दूरध्वनि-क्रमांक, फोन लावण्याची वेळ आणि परवलीचा शब्द हें सर्व एका फाइलींत हातानें लिहून ठेवावें लागे. म्हणजे यंत्रांची ओळख होण्यापूर्वीं माणसांची ओळख व्हावी लागे. पत्रावरचा पत्तादेखील कोणत्या शेजाऱ्याकडून कोणत्या शेजाऱ्याकडे जावें या नांवांची माळच असे. आपल्या देशांत १९८६ मध्यें अर्नेट हा प्रकल्प सुरू झाला, त्याची पहिली सेवा हें यूयूसीपीचें टपालच होती. मुंबईचें एनसीएसटी हें केंद्र व पवईची आयआयटी या संस्था त्या प्रकल्पांत आरंभापासून होत्या. तात्पर्य, आमच्या पहिल्या प्रश्नाचें या काळांतील उत्तर सरळ आहे: पहिली ओळख माणूस करून देई.

पुढें जाळें विद्यापीठांतून घरांत आलें, आणि घरांत येतांना त्याची बरोबरी उंबऱ्याबाहेर राहिली. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांत सर्वसामान्यांसाठीं इंटरनेट खुलें केलें. दूरध्वनीवरून जोडल्या जाणाऱ्या यंत्रास बहुधा तात्पुरता पत्ता मिळे. फोन ठेवला कीं पत्ता गेला. ज्याचा पत्ताच रोज बदलतो, त्याच्याकडे कोण येणार? शिवाय पत्त्यांचा सांठाही मर्यादित होता. जुन्या पद्धतीचे एकूण पत्ते सुमारें ४२९ कोटी; त्यांचा मध्यवर्ती सांठा ३ फेब्रुवारी २०११ रोजीं संपला. ही टंचाई आधींच ओळखून १९९४ मध्यें एक तोड सुचविण्यांत आली होती: सर्व घरास मिळून बाहेरचा एकच पत्ता, आणि घरांतील यंत्रांस आंतल्या आंत वापरावयाचे खासगी पत्ते. घरोघरचा राउटर आज हेंच काम करतो. जुन्या वाड्याच्या देवडीवरील पहारेकऱ्याशीं त्याची तुलना करतां येईल. आंतून कोणी बाहेर गेला, तर तो त्याची आठवण ठेवतो व त्याच्या मागून आलेलें उत्तर बिनचूक पोंचवितो, परंतु बाहेरचा अनोळखी इसम आपण होऊन आला, तर "येथें कोण तुमचें?" असें विचारून तो त्यास परत लावतो. या व्यवस्थेंत घेणाऱ्याचें कांहीं अडत नाहीं. देणाऱ्याचें मात्र सर्वच अडतें.

अशा स्थितींत १९९९ च्या जूनमध्यें शॉन फॅनिंग या अमेरिकन विद्यार्थ्याचा नॅप्स्टर हा प्रोग्राम बाहेर पडला. त्यानें गाण्यांच्या फाइली घरोघरच्या यंत्रांवरच ठेवल्या आणि एका घरांतून दुसऱ्या घरांत थेट पाठविल्या. परंतु कोणत्या घरांत कोणतें गाणें आहे, याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर होती. बसविण्यास तो फार सोपा होता, याचें कारण हेंच: पहिली ओळख करून देणारा मध्यस्थ नेहमीं हजर असे. पण मध्यस्थाचा गळा धरला कीं सर्व बाजार बंद पडतो. १९९९ च्या डिसेंबरांत ध्वनिमुद्रणकंपन्यांच्या संघानें दावा लावला. फेब्रुवारी २००१ मध्यें अपील न्यायालयाचा निर्णय नॅप्स्टरच्या विरुद्ध गेला. आणि त्याच वर्षीं जुलैमध्यें ही सेवा थांबली. लक्षावधि घरांतील फाइली होत्या तेथेंच होत्या. नाहींशी झाली ती फक्त यादी. तरीही जाळें उरलें नाहीं.

यावरून जो धडा घ्यावयाचा, तो ग्नूटेलाच्या कर्त्यांनीं निकाल लागण्यापूर्वींच घेतला होता. १४ मार्च २००० रोजीं जस्टिन फ्रँकेल व टॉम पेपर यांनीं हा प्रोग्राम प्रसिद्ध केला. त्यांची मालक कंपनी घाबरली व दुसऱ्याच दिवशीं तो मागें घेण्यांत आला. पण तेवढ्या अवधींत तो पुष्कळांनीं उतरवून घेतला होता, आणि त्याची रीत उलगडून इतरांनीं तसेच प्रोग्राम लिहिले. ग्नूटेलांत यादीही नाहीं व मध्यस्थही नाहीं. विचारावयाचें तें शेजाऱ्यास विचारावें, त्यानें आपल्या शेजाऱ्यांस विचारावें, आणि साधारणतः सात उंबरे ओलांडल्यावर प्रश्न विरून जावा, अशी योजना होती. परंतु पहिला शेजारी कोठून आणावा? ज्यानें हा प्रोग्राम आपल्या यंत्रावर बसविला, त्यास चालू असलेल्या एखाद्या यंत्राचा पत्ता दुसरीकडून मिळवून हातानें टंकावा लागे. यूझनेटच्या व्यवस्थापकाची जुनी अडचण वीस वर्षांनीं पुनः दारांत उभी राहिली. फरक एवढाच कीं, आतां शेजारी ओळखीचा नव्हता.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर तर अधिकच बोचरें निघालें. आयटन अडार व बर्नार्डो ह्यूबरमन या संशोधकांनीं २००० सालीं ग्नूटेलाची पाहणी प्रसिद्ध केली. तींत असें दिसलें कीं, सुमारें ७० टक्के लोक कांहींच देत नव्हते, आणि एकंदर उत्तरांपैकीं जवळजवळ निम्मीं उत्तरें देणाऱ्यांतील वरच्या १ टक्का यंत्रांकडूनच येत होतीं. ज्या जाळ्याचा पायाच बरोबरी, त्यांत मूठभर दाते आणि बाकी सर्व पंगतीला बसणारे! कायद्यानें मध्यस्थ नाहींसा झाला नव्हता, युक्तीनें झाला होता. पण माणसांचा स्वभाव युक्तीनें नाहींसा होत नाहीं, हें येथें सिद्ध झालें.

या स्वभावाचा हिशेब धरून ज्यानें रचना केली, तो ब्रॅम कोहेन. त्याचा बिटटॉरेंट हा प्रोग्राम २००१ च्या जुलैमध्यें प्रकट झाला. मोठी फाइल अनेक तुकड्यांत विभागावयाची, आणि ज्याच्याकडे जो तुकडा असेल त्यानें तो दुसऱ्यास देत राहावयाचें, हें त्याचें सूत्र. ७०० मेगाबाइटांची फाइल २५६ किलोबाइटांच्या तुकड्यांत विभागली तर २,८०० तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याची २० बाइटांची एक खूण आधींच काढून टॉरेंट नांवाच्या लहान फाइलींत लिहिलेली असते. त्यामुळें अनोळखी माणसानें दिलेला तुकडा खरा कीं खोटा हें ताबडतोब पडताळतां येतें. कोहेननें २००३ मध्यें वर्णिलेल्या व्यवस्थेप्रमाणें यंत्र साधारणतः चार जणांस तुकडे देतें; कोणास द्यावयाचे याचा विचार दर दहा सेकंदांनीं नव्यानें करतें; आणि जो आपणांस अधिक देतो त्यास अधिक देतें. मात्र दर तीस सेकंदांनीं एखाद्या नवख्यासही, त्यानें कांहीं दिलेलें नसतां, संधि दिली जाते. ही शेवटची अट आम्हांस फार मार्मिक वाटते. निव्वळ देवाणघेवाणीवर बरोबरी चालत नाहीं. ज्याच्या हातीं अद्याप कांहींच नाहीं, त्यास कोणीतरी पहिला घांस फुकट द्यावाच लागतो.

बिटटॉरेंटच्या पहिल्या रचनेंतही ट्रॅकर नांवाचा एक ओळख करून देणारा होता. २००५ मध्यें त्याच्यावांचूनही चालेल अशी सोय झाली. तिच्या मुळाशीं पेटार मेमौंकोव्ह व डेव्हिड माझिएर यांनीं २००२ मध्यें मांडलेली कॅडेम्लिया ही पद्धति आहे. तींत संपूर्ण यादीचे बारीक भाग सर्व यंत्रांत वांटून दिलेले असतात, आणि दहा लाख यंत्रांतूनही हवा तो भाग साधारण वीस टप्प्यांच्या आंत सांपडतो. परंतु या जाळ्यांत शिरण्यासही एक तरी चालू पत्ता लागतो. तो प्रोग्रामांतच आधीं लिहून ठेवलेला असतो, किंवा मागच्या खेपेच्या ओळखींतून घेतला जातो. ३ जानेवारी २००९ पासून चालू असलेल्या बिटकॉइनच्या जाळ्याचीही हीच कथा. आरंभीं त्याचीं यंत्रें एका सार्वजनिक संभाषणशाळेंत जाऊन एकमेकांस हुडकीत; पुढें कांहीं ठराविक नांवें प्रोग्रामांतच घालण्यांत आलीं. मध्यस्थ गेला म्हणून त्याचें कामही गेलें, असें कोठेंच झालें नाहीं. तें काम वांटलें गेलें, आणि लहान झालें, एवढेंच.

हा सर्व इतिहास एका टेबलावर पाहण्याची इच्छा ज्यास असेल, त्यानें असा प्रोग्राम आपल्याच यंत्रावर चालवून पाहावा. प्रत्येक संगणकास १२७.०.०.१ असा एक पत्ता असतो; तो बाहेर जात नाहीं, स्वतःकडेच परत येतो. या पत्त्यावर एकाच प्रोग्रामाच्या दोन प्रती चालवितां येतात. मात्र दोघींच्या पेट्या निराळ्या हव्यात आणि दारेंही निराळीं हवींत. कारण पोर्ट नांवाच्या एका दारावर एकच प्रत बसूं शकते, आणि दुसरी त्याच दारावर बसूं लागली तर तक्रार करून उठते. पहिल्या प्रतीस पूर्ण फाइल द्यावी. तिला बीजधारक म्हणूं. दुसरीची पेटी रिकामी ठेवावी. मग त्याच फाइलीची टॉरेंट तयार करून, ट्रॅकरही याच यंत्रावर चालवून, दोघींस ती दाखवावी. कित्येक प्रोग्राम एकाच पत्त्यावरून आलेल्या दोन जोडण्या स्वीकारीत नाहींत. ती अट सैल करावी लागते. सर्व जुळलें म्हणजे तुकडे एकीकडून दुसरीकडे जाऊं लागतात. दुसरीची पेटी अर्धी भरली असतांना तिसरी प्रत चालू करावी. म्हणजे जी क्षणापूर्वीं केवळ याचक होती, ती तिसरीस देऊं लागलेली दिसते. बरोबरी म्हणजे काय, याचें इतकें स्वच्छ दर्शन ग्रंथांतून होणें कठीण. बिटकॉइनच्या प्रोग्रामांतही अशी घरगुती तालीम करण्याची सोय आहे. तेथें नाण्यांचीं पानें आपल्या आज्ञेनें निघतात. पण पहिल्या पानाचें बक्षीस खर्च करण्यापूर्वीं त्यावर आणखी शंभर पानें चढावीं लागतात, म्हणून शिकाऊ मनुष्य आरंभींच १०१ पानें काढून घेतो. नियम ढिले होत नाहींत. फक्त बाजार घरांत येतो.

तथापि ही तालीम एका बाबतींत फसवी आहे. घरांत सर्व यंत्रें एकमेकांस आधींच माहीत असतात, आणि देवडीवर कोणी पहारेकरी नसतो. घरीं जें निमिषांत जुळतें, तें बाहेर पडतांच अडतें. राउटरमध्यें ठराविक दार उघडावें लागतें, यंत्राच्या संरक्षक भिंतीस परवानगी सांगावी लागते; आणि जेथें पुरवठादार कंपनीनेंच शेंकडों गिऱ्हाइकांस मिळून बाहेरचा एक पत्ता दिलेला असतो, तेथें घरचें दार उघडूनही उपयोग होत नाहीं. मग दोन्ही यंत्रांनीं तिसऱ्या एखाद्या परिचितास भेटून, एकाच वेळीं एकमेकांकडे निघावें लागतें, म्हणजे दोघांच्याही पहारेकऱ्यांस तें आपल्याच माणसाचें उत्तर वाटतें. येथें शेवटीं पुनः तोच तिसरा मनुष्य आला.

या तिसऱ्या मनुष्याचें महत्त्व मराठी कुटुंबांस नकळत एका निराळ्या मार्गानें कळलेलें आहे. परदेशीं गेलेल्या मुलामुलींशीं ज्यावरून अनेक वर्षे बोलणें झालें, तो स्काइप हा प्रोग्राम ऑगस्ट २००३ मध्यें निघाला तेव्हां याच तत्त्वावर उभा होता. ज्यांच्या यंत्रास मोकळा पत्ता होता, त्यांच्यापैकीं कांहींचीं यंत्रें इतरांच्या संभाषणास वाट करून देत. ऑगस्ट २००७ मध्यें पुष्कळ यंत्रें एकाच सुमारास बंद होऊन पुनः चालू झालीं, तेव्हां हे वाटाडे कमी पडले व स्काइप सुमारें दोन दिवस ठप्प झालें. २०११ मध्यें मायक्रोसॉफ्टनें तें विकत घेतलें. २०१२ मध्यें घरगुती वाटाड्यांचें काम कंपनीच्या यंत्रांकडे गेलें. आणि ५ मे २०२५ रोजीं ती सेवा बंद करण्यांत आली. वापरणाऱ्यांस या स्थित्यंतराचा पत्ताही लागला नाहीं. सोय वाढतच गेली. परंतु जें घरोघरीं होतें तें एका घरीं गेलें, आणि त्या एका घरानें दार लावल्यावर बाकीच्यांस कांहीं करतां येईना. सोयीच्या बदल्यांत आपण काय देतों, याचा हिशेब बहुधा असा शेवटच्या दिवशीं होतो.

बरोबरीच्यांच्या जाळ्याचें नांव काढतांच चोरट्या गाण्यांची व चित्रपटांची आठवण होते, आणि ती अकारण नाहीं. २७ जून २००५ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ग्रॉक्स्टर खटल्यांत असा निर्णय दिला कीं, हक्कभंगास उत्तेजन देण्याच्या हेतूनें जो असें साधन पसरवितो, तो जबाबदार ठरतो. हा निर्णय हेतूकडे बोट दाखवितो, साधनाकडे नव्हे. त्याच साधनानें लिनक्सच्या प्रती जगभर मोकळेपणानें वांटल्या जातात. आणि इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेनें २०१२ पासून आपले ग्रंथ टॉरेंटच्या मार्गानेंही देऊं केले आहेत. त्या संग्रहांत जुन्या मराठी पुस्तकांच्या व मासिकांच्या पुष्कळ प्रती आहेत. आपल्या कायद्याप्रमाणें लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे लोटलीं कीं त्याच्या ग्रंथावरील हक्क संपतो. तेव्हां या पुस्तकांपैकीं बरींचशीं ठेवण्यास व देण्यास कोणाची हरकत नाहीं. परंतु ऑक्टोबर २०२४ मध्यें त्या संस्थेवर हल्ला झाला आणि तिचीं दारें कित्येक दिवस बंद राहिलीं. त्या दिवसांत एखादें मराठी पुस्तक हवें असणाऱ्यास तें मिळण्याची आशा एकच होती: कोणाच्या तरी घरीं त्याची प्रत असणें, आणि त्यानें आपलें यंत्र चालू ठेवलेलें असणें.

इतिहासाच्या वाचकांस हें नवीन वाटूं नये. १८९८ मध्यें राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड काढला, तो वाईस एका घरांत सांपडलेल्या पत्रांच्या आधारावर. सरकारी दप्तर पुण्यांत होतें, पण तें अभ्यासकांस सहजीं खुलें नव्हतें. महाराष्ट्राची आठवण तोंपर्यंत जपली ती घरोघरच्या रुमालांनीं, माळ्यांवरच्या पेट्यांनीं. त्या घरांस आपण कांहीं मोठें काम करतों आहोंत याची जाणीव बहुधा नसेल. उलट ज्या घरांनीं रद्दी म्हणून कागद विकले, त्यांचा इतिहास गेला तो गेलाच.

मध्यस्थावांचून चालणारें जाळें या पन्नास वर्षांत कोणासही साधलें नाहीं, आणि तसें तें साधेल असें आम्हांस वाटत नाहीं. साधलें तें एवढें: मध्यस्थाचें काम इतकें लहान करतां येतें कीं, तें कोणत्याही गृहस्थाच्या आवांक्यांत यावें. एक दार उघडें ठेवणें, एका नवख्यास पहिला तुकडा देणें, आणि आपली फाइल पूर्ण झाल्यावर लगेच प्रोग्राम बंद न करणें, एवढेंच तें काम आहे. ग्नूटेलाच्या काळीं दहांतील सातांनीं तें केलें नाहीं. ज्या घरीं जुन्या मराठी ग्रंथांच्या प्रती संगणकांत पडून आहेत आणि रात्रंदिवस इंटरनेट चालू आहे, त्या घरानें बाकीच्या तिघांत बसावयाचें कीं सातांत, हें ठरविण्यास कोणत्याही सर्व्हरची परवानगी लागत नाहीं.